चोरी न्हाय, वाचत होते

त्यांनी मला काट्यावर उभं केलं.

माल तोलायचा काटा. जमिनीलगत लोखंडी पत्रा आणि भिंतीवर लाल आकड्यांचा डबा. पुस्तकांचे गठ्ठे, रद्दीच्या गोण्या त्यावर ठेवायचे. शिफ्ट सुटली होती. आम्ही सगळ्या बाया शटरपाशी रांगेत उभ्या होतो, झडती द्यायला. झडती घेणाऱ्या बाईने माझ्या ओढणीखाली हात घातला आणि पुस्तक बाहेर काढलं.

मॅनेजर सर केबिनमधून आले. पुस्तक हातात घेतलं. कव्हर वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत कव्हरकडे.

"लॅटिन?" ते म्हणाले. "लॅटिन वाचतेस तू?"

मी ओढणी सारखी केली.

"चढ काट्यावर."

चढले. का चढले, ते मला आजही सांगता येत नाही. अंगाला सवय होती. चढ म्हटलं की चढायचं, सरक म्हटलं की सरकायचं.

सरांनी ते पुस्तक माझ्या डोक्यावर ठेवलं. "पडू द्यायचं नाही." मग त्यांनी माझं वजन मोठ्याने वाचून दाखवलं, पुस्तकासकट. म्हणाले, "रद्दीत घातली तर काय येईल रे हिचं?"

हमाल हसले. काही बाया पण हसल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. सर हसले की हसायचं असतं.

"आता बोल. लॅटिनमध्ये काहीतरी बोलून दाखव. मग उतर."

मला एक वाक्य येत होतं. पाठ होतं. पण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडायचं नव्हतं. मान ताठ धरून उभी राहिले. मानेवरून घाम पाठीत चालला होता. डोक्यावरचं पुस्तक एका बाजूला घसरत होतं आणि मी मान दुसऱ्या बाजूला नेत होते. त्यांच्या हसण्यासाठी मी तोल सांभाळत होते. ते आठवलं की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

मग लाइट गेली. तेव्हा भिवंडीत लाइट जायचीच. आकडे विझले. गोदामात मिट्ट काळोख. कोणीतरी माझा हात धरून मला खाली ओढलं. बांगड्यांच्या आवाजावरून कळलं, माझ्याबरोबर काम करणारी नसीम.

अंधारात सरांचा आवाज आला. "उद्या बापाला घेऊन ये. त्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही."

आम्ही मूळचे खारबावच्या बाजूचे. बौद्धवाड्यातले. मी लहान असताना बाबा काल्हेरला आले ते दादांच्या गोदामांवर वॉचमन म्हणून. दादा म्हणजे जमिनीचे मालक. पूर्वी त्यांची भातशेती होती, मग भराव टाकून गोदामं उभी राहिली. एक कपड्याचं, एक औषधांचं, एक पुस्तकांचं. मागच्या अंगाला, दादांच्या अंगणात, पत्र्याची खोली होती, ती आम्हाला राहायला दिली. आय दादांच्या घरी धुणंभांडी करायची. म्हणजे बाबांची ड्युटी दादांची, आयचं काम दादांचं, डोक्यावरचा पत्रा दादांचा. बारावी आर्ट्स झाले आणि मला पुस्तकांच्या गोदामात लावलं, ते पण दादांच्या शब्दावर.

बाहेरच्या देशातून कंटेनर यायचे. तिकडे न खपलेली पुस्तकं. चांगली निवडून प्रदर्शनांना जायची. भिजलेली, फाटलेली, कुणाला नको असलेली आमच्याकडे. आमचं काम कव्हर फाडायचं. जाड पुठ्ठा वेगळा, आतला कागद वेगळा. डाव्या हातात पुस्तक धरायचं, गुडघा लावायचा, उजव्या हाताने कव्हर मागे ओढायचं. कोंबडी सोलतात तसं. संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी आग व्हायची. कामाच्या वेळेत शटर बाहेरून लावलेलं असायचं. माल जाऊ नये म्हणून. वर पत्रा, खाली कोबा, चहूकडे पुस्तकं. उन्हाळ्यात एक बाई चक्कर येऊन पडली, तेव्हा चावीवाला चहाला गेला होता. तो येईपर्यंत आम्ही तिला पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.

सर पुस्तकं घरी न्यायचे. पिशवी भरून. त्यांच्या केबिनमध्ये काचेचं कपाट होतं, त्यातही मांडलेली असायची. त्याला कोणी चोरी म्हणत नसे. सरांना वाचनाची आवड आहे, असं म्हणत.

मी ते पुस्तक फाडायलाच उचललं होतं. पाणी लागून फुगलेलं. कव्हरवर नाक तुटलेला दगडी पुतळा. गुडघा लावला आणि मधलं पान उघडलं गेलं. इंग्रजी मजकुरात मधेच दोन ओळी अशा, ज्या इंग्रजी नव्हत्या. अक्षरं तीच, शब्द भलतेच. मी मनात वाचून बघितल्या. शेवट सारखे वाजत होते. उम, उस, आम. मी हात थांबवला. एवढंच. कुठला मोठा विचार वगैरे नाही. एक हात थांबला.

पुस्तक गठ्ठ्याच्या मागे सारलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी डबा पटकन संपवायची आणि मागच्या थप्पीवर चढून बसायची. तिथे वर झरोका होता. नसीम खाली बसून लक्ष ठेवायची. तिचा नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता, शांतीनगरला राहायची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मराठी समजायची, बोलायची हिंदी.

माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. अर्धं कळायचं नाही. अडलेले शब्द बॉलपेनने हातावर लिहायची, कोपरापर्यंत. घरी शाळेतली डिक्शनरी होती, तिच्यात बघायची. आय विचारायची, "ह्ये काय गोंदलंस हाताला?" मी म्हणायची, "मालाचे नंबर हायत." दुसऱ्या दिवशी तेच पान परत वाचायची. मग पान थोडं उघडायचं.

लॅटिन आता कोणाच्याही घरात बोलत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. कुठली आई पोराला त्या भाषेत हाक मारत नाही. तरी माणसं ती शिकतात. का शिकतात, हेच सगळं पुस्तकभर होतं. लिहिणारा म्हणत होता, काही उपयोग नाही म्हणूनच शिकावी. आवडते म्हणून. ते वाक्य मी तीन दुपारी वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. माझ्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट उपयोगाची होती. मी उपयोगाची होते. कोणी एक माणूस बिनउपयोगाच्या गोष्टीवर जीव टाकून बसला होता आणि त्याला कोणी ओरडत नव्हतं.

नसीमला मी हे सांगितलं. ती हसली.

"अरे, ये तो मेरे जैसा हुआ. मैं रोज कुरान पढ़ती हूँ. अरबी में. मतलब किधर समझता है मेरे को? पर जुबान पे अच्छा लगता है. दिल बैठ जाता है जगह पे." मग तिने विचारलं, "तेरे को समझता है?"

"थोडा थोडा."

"तो पढ़. मैं बैठी हूँ."

एक दुपार मला नीट आठवते. त्या दिवशी मला विभक्ती सापडली. लिहिणारा सांगत होता की लॅटिनमध्ये शब्द कुठेही ठेवा, अर्थ बदलत नाही, कारण अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो. इंग्रज माणसाला याचं मोठं नवल. मला हसूच आलं. यात काय नवल? आम्ही असंच बोलतो. नसीमला मी हाक मारली, मी नसीमला हाक मारली, हाक मारली मी नसीमला. काय बदललं? 'ला' आहे तिथे आहे. त्यांचा 'म' म्हणजे आपला 'ला'. थप्पीवर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. हे त्या पुस्तकातल्या माणसाला कळायला अवघड गेलं होतं, आणि मला माझ्या आयच्या बोलण्यामुळे फुकट कळलं होतं.

त्याच पानावर उदाहरण होतं. सर्वुस डोमिनुम वोकात. गुलाम मालकाला बोलावतो. आणि खाली, सर्वुम डोमिनुस वोकात. मालक गुलामाला बोलावतो.

मी ते पाठ केलं. नंतर दिवसभर कव्हरं फाडताना तेच डोक्यात. मग हळूहळू राग यायला लागला. पुढची उदाहरणंही तशीच होती. गुलाम पाणी आणतो. मालक गुलामावर खूश होतो. लिहिणारा त्या वाक्यांच्या नादाबद्दल, घाटाबद्दल पानं भरभरून लिहीत होता. तो गुलाम कोण, त्याने पाणी कुठून आणलं, त्याला काय वाटत होतं, याबद्दल एक ओळ नाही. मला ती भाषा आवडत होती आणि लिहिणाऱ्याचा रागही येत होता. दोन्ही खरं होतं. पुस्तक सोडवत मात्र नव्हतं.

पुढे त्याने शाळेची गोष्ट लिहिली होती. बारा वर्षांचा असताना मास्तरांनी फळ्यावर लॅटिनचा पहिला शब्द लिहिला आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी तो एकदम म्हटला. बस, एवढीच गोष्ट. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तुला कशाला पाहिजे?

मला विचारलं होतं. आठवीत संस्कृत घ्यायचं होतं. सातवीत ज्यांना चांगले मार्क, त्यांना संस्कृत, बाकीच्यांना पूर्ण हिंदी. मार्क मला होते. संस्कृतच्या बाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं. म्हणाल्या, "'षट्कोन' म्हण." मी म्हटलं. "पोटफोड्या 'ष' आहे तो. परत म्हण." परत म्हटलं. बाईंनी मान हलवली. "जिभेला वळण लागतं गं. ते घरातून येतं. तू हिंदीच घे." माझ्यामागे उभी होती ती मुलगीही 'शट्कोन'च म्हणाली. तिला म्हणाल्या, "येईल हळूहळू." मी तिथेच उभी होते. मला ऐकू येत होतं, हे बाईंना माहीत होतं.

घरी सांगितलं, संस्कृत नको वाटलं म्हणून.

असे बरेच आठवडे गेले. पुस्तक निम्म्याच्या थोडं पुढे आलं. मग एका सकाळी सांगितलं, मागची सगळी थप्पी उद्या कटिंगला जाणार. कागद गिरणीचा ट्रक येणार. माझं पुस्तक त्या थप्पीत. मी दिवसभर विचार केला. संध्याकाळी ते ओढणीखाली घेतलं. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

त्या रात्री मी घरी पोचायच्या आधीच दादांचा फोन आला होता. बाबांना सगळं कळलं होतं. ते बाजेवर बसले होते, ड्युटीचा शर्ट अंगात.

आय म्हणाली, "पुस्तक काय खायाला घालनार हाय का तुला? कशाची भाषा ती? कोन बोलतो?"

"कोणी नाही बोलत."

"मंग?"

बाबा हळूच म्हणाले, "उद्या माफी माग. दोन शब्द बोलायचं. आपलं काय जातंय? मी एवढी वर्सं काय करतोय?" मग थांबून म्हणाले, "ही खोली गेली तर कुठं जायाचं, ते सांग."

रात्रभर पत्र्यावर कावळ्यांनी टाकलेल्या हाडकासारखी मी पडून होते. बाहेर ट्रक मागे घेतल्याचे आवाज. खोलीला एकच दार, ते पण दादांच्या अंगणात उघडणारं. मनात ठरवलं होतं, माफी मागायची. हे मी लपवत नाही. सकाळी वेणी घालताना माफीचे शब्दच जुळवत होते.

केबिनमध्ये दादा सरांच्या खुर्चीत बसले होते. सर बाजूला उभे. बायांना दारापाशी बोलावून घेतलं होतं. बाबांनी चपला बाहेर काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

दादा रागावले नाहीत. दादांचा आवाज कायम मऊ. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"पोरगी लहान हाय," ते म्हणाले. "होतं असं. चोरी केली म्हनून कबूल कर, त्या पुस्तकाचं कव्हर फाड आनि लाग कामाला. सरांना मी सांगतो. विषय संपला."

सरांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

तेच काम. रोजचं. अशी किती कव्हरं मी सोलली होती. माझा डावा हात आपोआप पुठ्ठ्याच्या खाली गेला. अंगठा जागेवर बसला. आणि तेव्हा मला सरांचं कपाट दिसलं, दादांच्या डोक्यामागे. काचेच्या आत पुस्तकं नीट उभी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेली. त्यातली बरीचशी मीच पुसून दिली होती.

"चोरी न्हाय केली," मी म्हणाले. "वाचत होते."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. घाबरले की माझं शाळेतलं मराठी पळून जातं आणि घरातलं बाहेर येतं.

सर हसले. "'न्हाय' काय? 'नाही' म्हण. लॅटिन वाचणाऱ्यांनी निदान मराठी तरी शुद्ध बोलावं."

दारातून कोणीतरी खुदकन हसलं. बाबाही हसले. सर हसले म्हणून. हात जोडलेलेच, आणि हसत होते. मी ते बघितलं. काट्यावर उभं राहण्यापेक्षा ते बघणं वाईट होतं.

"न्हाय," मी म्हणाले. मुद्दाम. मोठ्याने. "न्हाय केली चोरी. न्हाय फाडनार. तुम्ही घरी नेता ती चोरी न्हाय, तर माझी पन न्हाय."

कोणी हसलं नाही.

मी पुस्तक टेबलावर ठेवलं. घेऊन पळाले नाही. वळले, तर बाबांनी मला मारलं. उघड्या हाताने, तोंडावर. त्याआधी त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मारून झाल्यावर त्यांचे हात परत जोडले गेले. दादांच्या दिशेने. माझा गाल जळत होता, पण मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ते हात वेगळे राहू शकत नव्हते.

मी बाहेर आले. दारातल्या बाया बाजूला झाल्या. नसीमने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या घरी दोन पोरं होती. ती आली नाही माझ्यामागे, आणि यायला नकोच होतं.

महिना संपायच्या आत खोली गेली. आयचं कामही गेलं. नसीमनेच शांतीनगरला तिच्या गल्लीत एक खोली बघून दिली आणि मला कारखान्यात कांड्या भरायला लावलं. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची रीळ. सकाळपासून चाकापुढे बसायचं, सूत गुंडाळायचं. शेजारी लूमचा खडखडाट एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. कापसाची धूळ नाकातोंडात. इथलंही दार सुताचा माल आत असला की बंदच. म्हणजे सुटले, असं काही मी सांगणार नाही. एका पत्र्याखालून दुसऱ्या पत्र्याखाली आले.

बाबांना वॉचमनची ड्युटी कोणी दिली नाही. त्या वयात राहनाळच्या गोदामांवर ते गोण्या उचलायला लागले. संध्याकाळी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. पाणी पाहिजे असलं तरी आयला सांगायचे, मी हाताशी असताना.

ते पुस्तक मला परत कुठे मिळालं नाही. पुढच्या निम्म्यात काय होतं, मला माहीत नाही. गिरणीत त्याचा लगदा झाला असेल. ठाण्याला एकदा गेले तेव्हा दुकानात लॅटिनचं काही आहे का विचारलं. दुकानदाराने माझ्या हाताकडे बघितलं, बोटांवर सुताने कापलेल्या रेघा होत्या, आणि विचारलं, "कोणासाठी पाहिजे?" मी म्हणाले, "माझ्यासाठी." त्याच्याकडे नव्हतं. पण मी म्हणाले, ते मला बरं वाटलं.

पावसाळा सरता सरता मामा आला. आयचा भाऊ. दादांचा निरोप घेऊन. दादांना विश्वासाचा वॉचमन मिळत नव्हता. त्यांनी सांगितलं होतं की बाबांनी परत यावं, खोली देतो, आयला पण घरात काम देतो. फक्त पोरीने एकदा सरांसमोर येऊन माफी मागावी. दारापर्यंत यायचं, दोन शब्द बोलायचे, निघून जायचं. कामावर यायचीही गरज नाही.

मामा म्हणाला, "एवढं काय त्यात? बापाकडं बघ."

मी बघितलं. बाबांच्या खांद्यावर गोणीने सोललेली जागा होती. तिच्यावर आयने हळद लावली होती.

आय उठली आणि माझ्यासमोर बसली. मला वाटलं समजावेल. तिने माझे पाय धरले. दोन्ही हातांनी. माझ्या आईने. "तुझ्या पाया पडते," म्हणाली. "त्यांची पाठ बघवत न्हाय मला. जा एकदा. बोल आनि ये."

त्या खोलीत हलायला जागा नव्हती. समोर आय, दारात मामा, मागे भिंत. मला वाटलं, आता मी हो म्हणणार. जीभ तिथपर्यंत आली होती.

बाबा भिंतीकडे तोंड करूनच बोलले. "तिला नको सांगू. ती जानार न्हाय." इतक्या दिवसांनी माझ्याबद्दल निघालेले त्यांचे हे पहिले शब्द. त्यांत राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी पाय सोडवून घेतले. आय तशीच जमिनीवर रडत बसली. तिला उठवलं नाही. उठवलं असतं तर गेले असते.

मामाला सांगितलं, "दादांना सांग, ती येणार नाही. आज नाही, पुढच्या वर्षी नाही. बाबा आजारी पडले तरी नाही. वाचल्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. बापाच्या पाठीसाठी मी गोण्या उचलीन, डबल शिफ्ट करीन. पण त्या टेबलासमोर उभी राहणार नाही, आणि आमच्यातल्या कोणाला उभं राहू देणार नाही."

मामा चप्पल घालून निघाला. मी दार लावलं आणि चुलीवर भात ठेवला.